काढलेले डोळे

"कृपया डोळे उघडा," फोन म्हणाला.

"उघडतो हं," ऑपरेटर म्हणाला आणि लगेच स्वतःशीच ओशाळला. फोनमधल्या आवाजाला अदबीने उत्तर द्यायची सवय त्याला नोकरीतून लागली होती, ती अजून सुटत नव्हती.

मेहुणा समोर फोन धरून उभा होता. "भाऊजी, कपाळ ताणा जरा. कपाळ ताणलं की पापण्या आपोआप वर जातात."

"माझ्या जात नाहीत रे."

"प्रयत्न तर करा! आधीच नाही म्हणायचं नाही."

ऑपरेटरने कपाळ ताणलं, गाल ताणले, शेवटी तर कानही ताणले. लहानपणी एका तापात त्याच्या पापण्या मिटल्या त्या मिटल्याच, आणि त्यांच्यामागे उघडून दाखवावं असं काही शिल्लकही नव्हतं. पण फोनमधल्या बाईला हे कोण सांगणार? "कृपया डोळे उघडा," ती पुन्हा म्हणाली. आवाज गोड होता. तेच तेच सांगण्याचा तिला कंटाळाही येत नव्हता.

ऑपरेटर हे काही त्याचं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तो उमेदीची सगळी वर्षं बसला होता, म्हणून ते नाव पडलं. समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की याला कळायचं, कुणाला डॉक्टर हवाय, कुणाला बिलाबद्दल भांडायचंय आणि कुणाला नुसतंच बोलायला माणूस हवंय. मग इस्पितळाने यंत्र आणलं. एक दाबा, दोन दाबा, नाहीतर वाट बघा. ऑपरेटरचा निरोपसमारंभ झाला, त्याच्याबद्दल लोक फार चांगलं बोलले आणि त्याला भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ भेट मिळालं. तेही अजिबात आवाज न करणारं.

तेव्हापासून तो घरी होता. पुढच्या खोलीत बायकोचं ब्यूटी पार्लर चालायचं आणि मधल्या खोलीत बसून तो पार्लरचा फोन उचलायचा. फोन दिवसातून कितीसे येणार? त्यातले काही बायकोच्या हाताशी वाजायचे, तरी ती मुद्दाम ओरडायची, "अहो, बघा ना जरा, माझे हात अडकलेत!" हात अडकलेले नाहीत हे ऑपरेटरला आवाजावरून कळायचं. पण तो उठून फोन घ्यायचा, आणि तोही हे तिला कळू द्यायचा नाही.

अशात ही नोकरी आली. एका कंपनीला अंध माणसं हवी होती. काम घरी बसून करायचं. लोकांच्या वेबसाइट आणि ॲप अंधांना वापरता येतात की नाही ते तपासायचं आणि कळवायचं. मुलाखत फोनवर झाली, आणि फोनवर ऑपरेटरला हरवणारा अजून जन्माला यायचा होता. निवड झाली. त्या दिवशी तो घरात शीळ घालत फिरला आणि दोनदा दाराला धडकला, तरी थांबला नाही. आता फक्त कंपनीच्या ॲपला चेहरा दाखवून रुजू व्हायचं राहिलं होतं. तेही आजच्या आज.

मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट बंद करून चालू केली की सुधारते अशी त्याची श्रद्धा होती. फोन बंद करून चालू झाला. मग त्याने दोन बोटांनी ऑपरेटरच्या पापण्या ताणून धरल्या. "चेहऱ्यावरून हात काढा," बाई म्हणाली. काळा चष्मा लावून पाहिला. "चष्मा काढा." चिकटपट्टी लावली. "चेहरा ओळखता आला नाही." तिचंही बरोबरच होतं, कारण बायको आतून डोकावली तेव्हा तिलाही क्षणभर ओळखता आला नाही.

"मी माझाच चेहरा दाखवू का?" मेहुणा म्हणाला. "एकदा आत शिरलो की झालं."

"आणि मग रोज तू येऊन बसणार का?" बायकोने विचारलं. "ते रोज बघतं म्हणे, माणूस तोच आहे का."

"छे! मला दुकान आहे."

शेवटी मदतीच्या नंबरवर फोन लागला. एक बाई बोलायला आल्या. याही गोड, पण खऱ्या होत्या.

"सर, चेहऱ्यावर उजेड आहे ना?"

"उजेडाचं मेहुण्याला विचारावं लागेल. बाई, मी अंध आहे. तुम्ही मला अंध म्हणूनच घेतलंय."

"अरे वा! अभिनंदन सर! अंध सहकाऱ्यांसाठी आपल्याकडे खास मदत कक्ष आहे."

"मग द्या ना तिकडे जोडून." जोडून देणं हे त्याच्या मते जगातलं सगळ्यात सोपं काम होतं.

"तो ॲपच्या आत आहे सर. तुम्ही आधी डोळे दाखवून आत या, मग डाव्या कोपऱ्यात तुम्हाला तो दिसेलच."

ऑपरेटरने फोन खाली ठेवला. मेहुणा फोन बंद करून चालू करू लागला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून बाटल्या वाजवत बायको आली. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज ऑपरेटरने ओळखला. पार्लरची ट्रॉली या खोलीत कधी येत नसे.

"सरक रे तू," ती भावाला म्हणाली. "हं, तुम्ही मान वर करा. मिटलेले आहेत ना, मग मिटलेल्यांवरच काढते."

"काय?"

"डोळे."

आधी गार लेप लागला, मग ब्रशचं बारीक टोक पापणीवर गोल गोल फिरू लागलं. गुदगुल्या होत होत्या, पण हसायची सोय नव्हती. "पांढरं झालं," बायको कामात असल्यावर बोलते तसं स्वतःशीच बोलत होती. "बुबुळ तपकिरी करते, घरच्यांचं तुमच्या तपकिरीच आहे. आता बाहुली. आणि बाहुलीत एक पांढरा ठिपका. तो नसला तर डोळा मेल्यासारखा दिसतो."

ठिपका दिल्यावर ब्रश थांबला.

"झालं का?" ऑपरेटरने विचारलं.

"झालं."

"मग गप्प का?"

"काही नाही. तुम्ही बघताय माझ्याकडे."

इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हा आवाज त्याने ऐकला नव्हता. "कसा बघतोय?" त्याने विचारलं.

"जरा नवल वाटल्यासारखे. मी आत्ताच दारातून आत आले असं."

"ताई, एकदम भारी!" मेहुणा ओरडला. "भाऊजी, मला तर आता तुमच्यासमोर खरं बोलावंसं वाटतंय."

फोन समोर आला. "छान!" बाई म्हणाली. "आपले स्वागत आहे."

काम ऑपरेटरला मनापासून आवडलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्याच्या कानात असायचा; एका दुकानाच्या ॲपवर तो म्हणायचा, "चित्र, चित्र, चित्र, खरेदी करा," म्हणजे काय ते न सांगता. एका बँकेच्या साइटवर तर त्याला फक्त सुट्ट्यांचा तक्ता ऐकू यायचा. तो सगळं नीट लिहून कळवायचा. पहिली तक्रार त्याने अर्थातच आपल्याच कंपनीच्या ॲपची केली, की ज्याचे डोळे मिटलेले आहेत त्याला हे आत घेत नाही. उत्तर तत्परतेने आलं. "तपासले. आपण स्वतः याच ॲपमधून, डोळे उघडे ठेवून, यशस्वीरीत्या आत आला आहात. तक्रार बंद करण्यात येत आहे."

पण ॲपची खोड अशी, की ते सकाळी एकदा चेहरा बघून गप्प बसायचं नाही. दिवसातून केव्हाही डोकवायचं. त्यामुळे डोळे दिवसभर लेवून बसावे लागत. एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि ऑपरेटरला घाम फुटला. गालावरून काहीतरी ओघळलं. तो ते पुसायला गेला, आणि तेवढ्यात फोन म्हणाला, "आपल्या जागी दुसरी व्यक्ती आढळली आहे. त्वरित जागेवर या."

"अगं, गेले! दोन्ही गेले!" ऑपरेटर ओरडला.

बायको हातातला दोरा तसाच टाकून धावली. तिच्यामागे खुर्चीवरचं गिऱ्हाईकही धावलं. "अहो, माझी एकच भुवई झालीय!"

"थांबा हो, इथे यांचे दोन्ही गेलेत!"

त्या गडबडीत बायकोने उभ्या उभ्या, गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या उजेडात डोळे काढले. ॲपने माणूस ओळखला. पण संध्याकाळी कंपनीकडून ताकीद आली. "कामाच्या वेळेत आपण सातत्याने खिडकीबाहेर बघत असल्याचे आढळले आहे." घाईत बाहुल्या डावीकडे सरकल्या होत्या.

ऑपरेटरने ती ताकीद पुन्हा पुन्हा ऐकली. जन्मात त्याच्यावर हा आरोप कुणी केला नव्हता.

"खिडकीत आहे तरी काय एवढं?" त्याने विचारलं.

"समोरच्या गच्चीत कपडे वाळतायत."

"कोणाचे?"

"आता तेही बघायचंय का?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बाहुल्या अशा बरोब्बर मधोमध काढल्या, की मेहुणा म्हणे, बघणाऱ्याची छाती दडपावी.

एकदा संध्याकाळी काम संपलं आणि ऑपरेटर डोळे पुसायला बसला, तर बायकोने हात धरला. "राहू दे ना आज. जरा जाऊन येऊ बाहेर."

ते बाजारात गेले. पडद्याचं कापड घ्यायचं होतं. एरवी दुकानदार बायकोला विचारायचे, "यांना काय हवंय?" जणू ऑपरेटर हे एखादं पार्सल. आज दुकानदार थेट त्यालाच म्हणाला, "साहेब, हा रंग बघा, उजेडात कसा खुलतो!" ऑपरेटर म्हणाला, "छान आहे." बायको शेजारी हळूच हसली. त्या हसण्यातला आनंद ऑपरेटरला स्पष्ट ऐकू आला, आणि तो कानाआड करता येईना. परतताना एक माणूस त्याच्यावर आदळला. "एवढे डोळे वटारून चालताय, दिसत नाही का?" तो खेकसला. मग त्याला हातातली पांढरी काठी दिसली असावी, कारण तो आणखीच चिडला. "आणि वर काठी! लाज वाटायला हवी."

घरी आल्यावर बायकोने कापसावर क्रीम घेऊन डोळे पुसले. फार सावकाश पुसले. ऑपरेटरने तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. त्याचं उत्तर तिच्या बोटांनी आधीच देऊन टाकलं होतं.

महिना सरला आणि कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या एकाग्रतेचा निकाल लावला. ऑपरेटर पहिला आला. काम करताना त्याची नजर एकदाही हलली नव्हती. त्याने डोळ्याची पापणीसुद्धा लववली नव्हती. त्याचा फोटो कंपनीच्या पानावर लागला, आणि तिथेच घात झाला. फोटो कुणीतरी वरच्या साहेबांनी पाहिला. व्हिडिओवर बोलावणं आलं.

"तुम्ही अंधांच्या जागेवर लागलेले आहात," चौकशीचे साहेब म्हणाले. आवाजावरून ऑपरेटरला कळलं, की यांचं आधीच ठरलंय. "हे अंधत्वाचं सर्टिफिकेट कुणाचं आहे?"

"माझंच साहेब."

"सर्टिफिकेटवरच्या माणसाचे डोळे मिटलेले आहेत. आमची सिस्टिम सांगते, तो माणूस तुम्ही नाही."

"मीच आहे. सिस्टिमने ज्याला ओळखलंय, तो मी नाही."

"अहो, तुम्ही आत्ता माझ्याकडे रोखून बघताय!"

"ते डोळे माझ्या बायकोने काढलेत, साहेब."

साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "बायकोने डोळे काढले तुमचे?"

"म्हणजे रोज सकाळी काढते."

"पोलिसांत नाही गेलात?"

"रंगाने हो! रंगाने काढते! थांबा, तुम्हाला दाखवतोच." ऑपरेटरने हाक मारली, बायकोने क्रीमचा कापूस हातात दिला आणि त्याने एका दमात दोन्ही डोळे पुसून टाकले. "हे बघा!"

"चेहरा आढळला नाही," फोनमधली बाई म्हणाली. "कॉल समाप्त."

पुन्हा डोळे काढून पुन्हा कॉल लावला, तेव्हा साहेब भडकलेले होते. "पुरावा द्यायच्या वेळी बरोबर लाइन कापलीत!" मग मेहुण्याने आपल्या फोनवर सगळं चित्रण केलं, डोळे असलेला ऑपरेटर, पुसणारा ऑपरेटर, डोळे नसलेला ऑपरेटर, आणि ते पाठवून दिलं. उत्तर आलं, "व्हिडिओच्या उत्तरार्धातील व्यक्ती आपल्या कंपनीची कर्मचारी नाही."

नोकरी गेली असंच सगळ्यांनी धरलं. ऑपरेटर काही दिवस जेवणावरून लवकर उठायचा आणि कुणी काही विचारलं तर "काही नाही" म्हणायचा. मग निकाल आला. बायकोने तो मोठ्याने वाचला. सदर कर्मचाऱ्याने अंधांची जागा बळकावली हा गंभीर गुन्हा असला, तरी त्याची असामान्य एकाग्रता पाहता कंपनी सहानुभूतीने विचार करत आहे. त्याला अंधांच्या गटातून काढून सर्वसाधारण गटात घेण्यात येत आहे. नेमणूक, चेहरा पडताळणी विभाग. ज्या उमेदवारांच्या डोळ्यांबद्दल यंत्राला शंका येते, त्यांचे फोटो माणसाच्या नजरेने तपासून निर्णय देणे.

मेहुणा आधी हसला. मग कुणीच हसत नाही म्हणून थांबला.

"राजीनामा देतो," ऑपरेटर म्हणाला.

"आणि मग?" बायकोने विचारलं.

"मग काय, आहेच आपला पार्लरचा फोन."

"तो आता मीच उचलते," ती बोलून गेली. मग तिने पटकन जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. "म्हणजे, तुम्ही कामात असायचात म्हणून," ती म्हणाली. "बायका हल्ली मेसेजच पाठवतात तशाही."

ऑपरेटरने मान हलवली. सोमवारी सकाळी त्याने मुकाट्याने मान वर केली आणि बायकोने डोळे काढले.

नव्या कामाच्या पहिल्या दिवशी तिने पार्लरच्या दाराला कडी लावली आणि त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. पहिला फोटो आला.

"पोरगा आहे एक," ती म्हणाली. "डोळे उघडे आहेत." मग ती पुढे वाकल्याचा, स्टूल करकरल्याचा आवाज आला. "अहो... हे काढलेले आहेत."

"काय सांगतेस!"

"डावा घसरलाय खाली. घरच्याच कुणीतरी काढलाय, घाईत. आणि ठिपका नाही दिलेला."

"कुणाची जागा भरतायत गं ही? वर लिहिलं असेल बघ."

"अंध गट. तुमचीच रिकामी झालेली असणार."

त्याने 'मान्य' वर बोट ठेवलं आणि दाबलं. दुसरा फोटो आला, तिसरा आला. एकीचे डोळे बॉलपेनने काढलेले होते. एका गृहस्थांनी मासिकातले कापून चिकटवले होते, तेही कुणा नटीचे असावेत. "भुवया बघा ना, माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा कोरीव!" बायको सांगत होती, हळहळत होती, "असला आयलायनर दुपारपर्यंत टिकायचा नाही," म्हणत होती. ऑपरेटर मान्य, मान्य, मान्य करत सुटला होता. कितीतरी दिवसांनी दोघांना एकत्र हसू आलं. बोर्डावर बसून एकामागून एक लाइन जोडून द्यावी तसं त्याला वाटत होतं.

मग बायको थांबली.

"काय आहे?"

"मुलगी आहे. हिचे मिटलेलेच आहेत."

"मिटलेले? तसाच फोटो दिलाय?"

"तसाच."

ऑपरेटरने बोट सरकवलं. "मान्य, उपलब्ध नाही," कानातला आवाज म्हणाला. त्याने परत परत दाबून पाहिलं. बायकोनेही दाबून पाहिलं. डोळे उघडे असतील तरच मान्यचं बटन जिवंत व्हायचं. मिटलेल्यांसाठी खाली एकच बटन होतं, 'नामंजूर'. ऑपरेटरने त्यावर बोट ठेवलं नाही. हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. बायकोने नाव कुठे दिसतंय का पाहिलं, नंबर दिसतोय का पाहिलं, पण पडद्यावर चेहरा आणि गट याखेरीज काही नव्हतं.

"वेळ संपली," आवाज म्हणाला. "आपोआप नामंजूर. पुढील छायाचित्र."

"कशी होती गं?" बऱ्याच वेळाने ऑपरेटरने विचारलं.

"चांगली होती. केस नीट विंचरलेले, कॉलर इस्त्रीची. फोटोसाठी छान तयार होऊन बसली होती." बायकोने हात मागे घेतला. "घरी पार्लरवालं कुणी नसेल तिच्या."